चार बाटल्या रीसलिंग: सेनेका सरोवर ते इंदूर

परदेशातून वाईन आणायची म्हटलं की आपल्याकडे पहिली धास्ती कस्टमची. इंदुरात दोन सल्ले हमखास मिळतात. एक, "एकच बाटली चालते". दुसरा, "बिल फाडून टाका, कुणी विचारत नाही". दोन्ही चूक. कस्टमचं काम आमच्या बाबतीत अकरा मिनिटांत संपलं. पुढचे जवळपास आठ महिने सांभाळायला लागलं ते माळव्याच्या उन्हाळ्यापासून, आणि त्याबद्दल आधी कुणीच काही सांगितलं नव्हतं. म्हणून अमेरिकेतल्या सेनेका सरोवराकाठी घेतलेल्या रीसलिंगच्या (त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाईन) चार बाटल्यांचं, खरेदीपासून शेवटच्या घोटापर्यंत सगळं क्रमाने लिहून ठेवतो. आकडे ऑक्टोबर 2023 ते जून 2024 मधले आहेत.

खरेदी: 19 ऑक्टोबर 2023

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम-मध्य भागात हाताच्या बोटांसारखी उत्तर-दक्षिण पसरलेली अकरा लांबट सरोवरं आहेत, म्हणून त्या टापूचं नाव फिंगर लेक्स. त्यातलं सेनेका सगळ्यांत खोल, 188 मीटर. लांबी साठ किलोमीटरच्या आसपास, रुंदी मात्र फार तर पाच. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 136 मीटरवर, म्हणजे तळ समुद्रसपाटीच्याही पन्नासएक मीटर खाली जातो. द्राक्षांचं सगळं गणित या खोलीवर आहे. आपला इंदूरचा सिरपूर तलाव उथळ, त्यामुळे थंडी पडली की तो लगेच गार आणि ऊन पडलं की लगेच कोमट. सेनेकाचं पाणी इतकं आहे की उन्हाळ्यात शोषलेली ऊब ते नोव्हेंबरपर्यंत सोडत राहतं आणि हिवाळ्यात क्वचितच गोठतं. त्यामुळे काठावरच्या उतारांवर द्राक्षं ऑक्टोबर उलटेपर्यंत वेलीवर राहू शकतात. वसंतात याच्या उलट होतं. पाणी थंड, काठची हवा थंड, कळ्या उशिरा फुटतात, आणि तोवर दहिवर (गोठलेलं दव) पडायचे दिवस बहुतेक सरलेले असतात.

बहुतेक. 18 मे 2023 च्या पहाटे तिथे कडक दहिवर पडलं आणि कोवळे फुटवे करपले. सरोवरापासून लांबच्या आणि खोलगट जागांना जास्त मार बसला, कारण थंड हवा जड असते, उतारावरून घरंगळते आणि अडेल तिथे साचते. काठाजवळच्या उतारावर ती पाण्याकडे निघून जाते. ऑक्टोबरात दोन बागांमधला फरक रस्त्यावरूनही दिसत होता. एकीकडे वेली घडांनी लगडलेल्या, दुसरीकडे नुसती पानं.

सरोवराच्या आग्नेय काठाला तिथले लोक 'बनाना बेल्ट' म्हणतात. बुऱ्हाणपूर-जळगावच्या माणसाला हसू येईल, कारण तिथे केळीचं एक पान उगवत नाही. बाकीच्या काठांपेक्षा जरा उबदार, एवढाच त्याचा अर्थ.

युरोपी जातीची द्राक्षं या थंडीत तगणार नाहीत असं तिथे बराच काळ धरून चालत. मूळच्या ओडेसाकडच्या आणि 1951 मध्ये अमेरिकेत आलेल्या कॉन्स्टंटीन फ्रँक यांनी थंडीला टिकणाऱ्या खुंटांवर कलमं करून ती तगवून दाखवली आणि 1962 मध्ये शेजारच्या क्युका सरोवरावर स्वतःची वायनरी काढली. आजही तिथल्या बागांत नोव्हेंबरमध्ये कलमाच्या सांध्यावर मातीची भर घालतात आणि वसंतात ती उकरून काढतात. वरचं खोड थंडीने मेलं तरी मातीखालचा सांधा जिवंत राहतो आणि सांध्यावरच्या डोळ्यातून नवं खोड उभं करता येतं. नाशकात छाटणीचं वेळापत्रक वर्ष ठरवतं, इथे ही मातीची भर.

आता खरेदीचं. वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये वय 21 पूर्ण असल्याचा पुरावा मागतात, पासपोर्ट दाखवला. टेस्टिंगचे माणशी 15 डॉलर, पाच वाईन, प्रत्येकी दोनेक घोट. शनिवार-रविवारी गर्दी असते, गुरुवारी ओतणाऱ्या बाईंना बोलायला वेळ होता. चव घेऊन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. ते वापरायला लाजू नका, विशेषतः गाडी चालवणाऱ्याने. पाचव्या पेल्यापर्यंत जीभ सुन्न होते आणि मग सगळ्याच बाटल्या घ्याव्याशा वाटतात.

रीसलिंग घेताना मागचं लेबल आधी वाचा. या भागातल्या बऱ्याच बाटल्यांवर एक आडवी पट्टी असते: ड्राय, मीडियम ड्राय, मीडियम स्वीट, स्वीट, आणि त्यावर एक बाण. हा बाण नुसत्या साखरेवरून लावत नाहीत, साखर भागिले आम्ल असा हिशेब असतो. गुणोत्तर 1 च्या खाली असेल तर ड्राय, 1 ते 2 मीडियम ड्राय, 2.1 ते 4 मीडियम स्वीट, त्यापुढे स्वीट. शिवाय पीएच 3.3 झाला तर बाण एक घर गोडाकडे सरकतो. आम्ही घेतलेल्या ड्राय बाटलीत लिटरला 7 ग्रॅम साखर आणि 7.8 ग्रॅम आम्ल होतं, म्हणजे 0.9. दुसरीत 14 ग्रॅम साखर आणि 8 ग्रॅम आम्ल, म्हणजे 1.75, मीडियम ड्राय. चौदा ग्रॅम ऐकून सरबत वाटेल, पण आम्ल एवढं असलं की ती गोडी जिभेला शेवटी हलकीशी लागते. लिंबू सरबतात साखर किती पडते आठवा, म्हणजे अंदाज येईल.

ड्राय दोन, प्रत्येकी 22 डॉलर. मीडियम ड्राय दोन, प्रत्येकी 20. वर 8 टक्के विक्रीकर. एकूण 90.72 डॉलर, तेव्हाच्या दराने साधारण 7,550 रुपये. युरोपात विमानतळावर कर परत मिळतो तसा इथे मिळत नाही, त्यासाठी रांग शोधत बसू नका. छापील बिल मागून घ्या, त्यावर बाटल्यांची संख्या आणि किंमत वेगवेगळी लिहिलेली हवी. नुसती कार्डाची चिठ्ठी कस्टमला पुरत नाही.

चारच का? पाच घ्यायच्या होत्या. तिथेच एक खाच आहे.

दोन लिटरचा हिशेब

भारतात येणाऱ्या प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं. बाटली 750 मिलीची. दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, तीन म्हणजे सव्वादोन. आम्हा दोघांचे मिळून चार लिटर होतात आणि पाच बाटल्या पावणेचार लिटर, म्हणजे बसायला हव्यात असं वाटतं. पण बॅगेज नियमांत एका प्रवाशाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिळवता येत नाही, तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यामुळे ज्याच्याकडे तीन बाटल्या, त्याने मर्यादा ओलांडली. नवरा-बायको असलात तरी हिशेब माणशीच.

मर्यादेवरच्या मद्याला बॅगेजचा नेहमीचा सवलतीचा दरही लागू नाही. आयात वाईनवर तेव्हा सीमाशुल्क आणि कृषी अधिभार मिळून 150 टक्के होते. वीस-बावीस डॉलरच्या बाटलीसाठी एवढं द्यायचं कारण नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दोन लिटरच्या आतली वाईन करमुक्त असते ती तुमच्या एकूण सवलतीच्या रकमेतच धरून. आमच्या वेळी ती रक्कम माणशी 50,000 रुपये होती. म्हणजे फोन, घड्याळ, भाच्यांचे बूट यांनी ती आधीच भरली असेल तर बाटलीची किंमत वर जाते. हे आकडे बदलत असतात, निघण्याआधी कस्टमच्या संकेतस्थळावर चालू आकडा बघून घ्या. ड्यूटी फ्रीच्या दुकानातली बाटलीही याच दोन लिटरमध्ये मोजली जाते, मग ती न्यूयॉर्कला घ्या की दिल्लीत उतरल्यावर. "ड्यूटी फ्रीची वेगळी" ही समजूत कुठून आली कोण जाणे.

पॅकिंग: 2 नोव्हेंबर

मधले दोन आठवडे बाटल्या न्यू जर्सीत नातेवाइकांच्या तळघरात होत्या, तिथे 16 अंश. गाडीच्या डिकीत मात्र एक रात्रही ठेवू नका, ऑक्टोबरातही नाही. दुपारी डिकी तापते, पहाटे गार पडते, आणि असा रोजचा चढउतार बुचाला सैल करतो.

रीसलिंगची बाटली उंच आणि सडपातळ असते, 33-35 सेंटीमीटरची. बाजारात मिळणारी काही फुग्यांची पाकिटं आखूड, रुंद बाटलीच्या मापाची असतात. त्यात मान बाहेर राहते, आणि फुटते ती मानच. घेण्याआधी उंची मोजा. झिपची दुहेरी पाकिटं घेतली, दोन-दोनच्या दोन जोड्यांना 16 डॉलर. पाकीट फुटणं थांबवत नाही, फुटल्यावर वाईन कपड्यांवर जाणं थांबवतं. धक्का झेलायला कापडच लागतं.

रचना अशी केली. टणक कवचाची बॅग. तळाशी जीन्सचा थर. बाटली जुन्या सुती साडीत गुंडाळलेली, मानेला दोन जादा वेढे. नऊवारी असेल तर एका साडीत दोन बाटल्या बसतात, मात्र दोन्हींच्या मध्ये किमान चार पदर यायला हवेत; काचेला काच लागली की संपलं. बाटल्या बॅगेच्या मधोमध, चारही बाजूंना बोटभर नव्हे, चांगलं वीतभर कापड. चाकांच्या बाजूला कधीच नको, बॅग आपटते ती त्याच बाजूवर. शेवटी बॅग बंद करून हलवायची. आत काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडायची. आम्ही दोनदा उघडली.

भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते, चारांचे पाच किलो. प्रत्येकाच्या दोन बाटल्या प्रत्येकाच्याच नावाच्या बॅगेत घातल्या. चारही एकाच बॅगेत असत्या तर कस्टमला एका माणसाचे तीन लिटर दिसले असते आणि उत्तर देत बसावं लागलं असतं. दोन्ही बॅगांत वरच्या कप्प्यात बिलाची एकेक प्रत.

चेक-इन बॅगेत 24 टक्क्यांपेक्षा कमी मद्यार्क असलेल्या पेयांवर अमेरिकी विमान वाहतुकीच्या नियमांत प्रमाणाची मर्यादा नाही. ही वाईन 11.5 टक्क्यांची होती. हातातल्या बॅगेत 100 मिलीपेक्षा मोठी बाटली चालत नाही, त्यामुळे "जपून हातात नेतो" हा विचार सोडा. विमानाच्या पोटात बाटली फुटेल ही भीतीही नको, तिथेही हवेचा दाब राखलेला असतो. फुटते ती बेल्टवर.

दिल्ली: 4 नोव्हेंबर

दिवाळी आठ दिवसांवर, त्यामुळे गर्दी. इमिग्रेशनला पन्नास मिनिटं, बॅगांना आणखी पस्तीस. इंदूरचं तिकीट एकाच पीएनआरवर असलं तरी देशात पहिल्यांदा उतरता तिथे बॅगा उचलून कस्टममधून न्याव्या लागतात आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात. न्यूयॉर्कच्या काउंटरवर टॅग इंदूरपर्यंतचा लावला म्हणून बेल्टकडे न बघता पुढे गेलेली मंडळी त्या दिवशीही दिसली. दोन विमानांत चार तास तरी ठेवा. आमच्याकडे पाच होते, त्यातला दीड उरला.

एका बॅगेवर खडूची फुली होती. एक्स-रेमध्ये बाटल्यांचा आकार दिसला की अशी खूण होते, घाबरण्यासारखं काही नसतं. दोघांकडे दीड-दीड लिटर आणि बाकीचं सामानही मर्यादेत, म्हणून ग्रीन चॅनल, म्हणजे शुल्क भरण्यासारखं काही नसलेल्यांची वाट. अधिकाऱ्याने फुलीवाली बॅग पुन्हा मशीनवर ठेवायला लावली.

"कितनी बोतल?"

"दो. वाईन. बिल ऊपर है."

बिल बघितलं, दुसऱ्या बॅगेकडे बोट केलं, त्यातल्याही दोन सांगितल्या. पासपोर्ट दोन, बिलं दोन, बाटल्या चार. "जाइए." हीच ती अकरा मिनिटं. जास्तीचं काही असेल तर रेड चॅनलला स्वतः जाऊन घोषणापत्र भरायचं आणि शुल्क भरून पावती घ्यायची. कस्टमच्या 'अतिथी' ॲपवर ही घोषणा उतरण्याआधीही करता येते. ग्रीनमधून जाऊन नंतर सापडलं तर माल जप्त होतो आणि वर दंडही बसू शकतो.

देशांतर्गत तिकीट वेगळं काढलं असेल तर तिथे साधारण 15 किलोचीच मुभा असते. अमेरिकेहून 23 किलोच्या दोन बॅगा घेऊन आलेला माणूस त्या काउंटरवर फार केविलवाणा दिसतो. एकाच पीएनआरवर आंतरराष्ट्रीय मुभा पुढे चालते. बाटल्यांसाठी नसलं तरी या एका कारणासाठी तिकीट एकत्र काढा.

बडोद्याला सासर-माहेर असणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो, कारण इंदूर-बडोदे येणंजाणं आपल्यात नेहमीचं आहे. दाहोदपासून गुजरात लागतं आणि तिथे दारूबंदीचा 1949 चा कायदा चालू आहे. परवान्याशिवाय बाटली जवळ बाळगणं गुन्हा आहे, मग ती परदेशी असो, बिलासह असो, भेट म्हणून असो. दिल्लीच्या कस्टमची मोकळीक तिथे कामाची नाही. त्यांनाच इंदूरला बोलवा.

इंदुरात साठवण: नोव्हेंबर ते जून

आल्या आल्या बाटली उघडू नका. चौदा तास विमानात हिंदकळल्यावर वास मिटल्यासारखा होतो. दोन-तीन आठवडे आडवी, अंधारात, न हलवता ठेवली की ती पुन्हा मोकळी होते.

मग खरा प्रश्न: कुठे? साडेतीनशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर घेतला आणि घरात चार जागी आठवडा-आठवडा ठेवून बघितला. वरच्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात नोव्हेंबरात 25 अंश. बरं वाटतं, पण फसू नका, तोच आकडा मे महिन्यात 36 झाला. तळमजल्यावर देवघरामागच्या जाड भिंतीच्या खोलीत मेमध्ये 31. फ्रिजच्या मधल्या फळीवर 4, भाजीच्या कप्प्यात 9.

12 ते 14 अंश हे वाईनचं सुखाचं तापमान. 25 च्या वर ती भराभर म्हातारी होते. 30 च्या वर महिनोन्‌महिने राहिली तर फळांचा वास उडतो, रंग गडद होतो, शिजवलेल्या मुरांब्यासारखा वास येतो. 35 च्या पुढे द्रव फुगून बूच वर ढकलतो, मानेखाली चिकट ओघळ दिसतो, आणि थंड झाल्यावर त्याच फटीतून हवा आत जाते. बूच जरासं वर आलेलं दिसलं तर ती बाटली ठेवू नका, त्याच आठवड्यात संपवा.

रीसलिंगला आणखी एक खोड आहे. तिच्यात जुनं होताना रॉकेलसारखा वास येतो. थोडा असला तर जाणकार खूश होतात, पण उष्णतेत तो लवकर आणि जास्त चढतो. स्क्रूच्या झाकणाखाली तो जास्त टिकतो, कारण नैसर्गिक बूच त्यातला बराच भाग शोषून घेतं. म्हणजे स्क्रू झाकण बाकी सगळ्या बाबतीत सोयीचं असलं तरी इंदूरच्या कपाटात ते गैरसोयीचं ठरतं.

वाईन कूलर घेतला नाही. चार बाटल्यांसाठी तो परवडत नाही. भाजीचा कप्पा पुरला. तिथे कोरडेपणा आणि कॉम्प्रेसरची थरथर हे दोन दोष आहेत. स्क्रू झाकणाला सात-आठ महिन्यांत काही होत नाही, बूच असलेली बाटली मात्र आडवी ठेवून वर ओलसर फडकं गुंडाळा. दारात ठेवू नका. आपल्याकडे फ्रिजचं दार दिवसाला पन्नास वेळा उघडतं, प्रत्येक वेळी बाटली हलते आणि गरम हवा खाते. लसूण आणि हिरवी मिरची डब्यात बंद. मेमध्ये वीज गेली की फ्रिज उघडायचा नाही, एवढा एक नियम घरातल्या सगळ्यांनी पाळला.

तीन बाटल्या कप्प्यात गेल्या. एक मीडियम ड्राय मुद्दाम वरच्या लोखंडी कपाटात ठेवली, तिची जोडीदार फ्रिजमध्ये. काय होतं ते एकदा बघायचंच होतं.

पहिली बाटली: 14 जानेवारी 2024

ड्राय, गराडूबरोबर. गराडू हा कंद हिवाळ्यातच मिळतो, दोनदा तळलेला, वर तिखट मसाला आणि लिंबू. तळणीचं तेल कापायला आम्ल हवं आणि ते या वाईनमध्ये भरपूर आहे. लिंबू पिळलेल्या पदार्थाबरोबर कमी आम्लाची वाईन पाणचट लागते, हिचं तसं झालं नाही. मसाला मात्र निम्मा केला. जास्त तिखटाला ड्राय चालत नाही, तिथे मीडियम ड्राय लागते. तिखटाची आग थोड्या साखरेने शमते आणि जास्त मद्यार्काने भडकते. तिळगुळाबरोबर एक घोट घेऊन बघितला: वाईन नुसती आंबट. जिलबी, श्रीखंड, मावाबाटी यांच्या जवळपासही हिला नेऊ नका. गोडाबरोबरची वाईन त्या गोडापेक्षा गोड असावी लागते.

प्यायचं तापमान 8 ते 10. भाजीच्या कप्प्यातून काढली की थेट ओतता येते. बाहेर 30 अंशांत असलेली बाटली असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ, बाटली मानेपर्यंत बुडवून वीस-पंचवीस मिनिटं. नुसत्या बर्फात दुप्पट वेळ लागतो, कारण तुकड्यांच्या मध्ये हवा राहते. फ्रीझरमध्ये ठेवायचीच तर मोबाइलवर चाळीस मिनिटांचा गजर लावून. ही वाईन उणे 5-6 अंशांना गोठते, फ्रीझर असतो उणे 18. विसरलात तर बूच बाहेर आणि बर्फाचा चुरा मटारवर.

पेल्यात एका वेळी 75-100 मिली, जास्त ओतली तर संपेपर्यंत कोमट होते. पेले आधी गरम पाण्याने, साबणाशिवाय धुवा आणि उलटे वाळवा. कपाटातला मसाल्यांचा वास काचेला धरतो. घरात हिंग-मोहरीची फोडणी चालू असताना किंवा उदबत्ती नुकतीच लावली असताना बाटली उघडू नका. वाईनचे वास नाजूक असतात, फोडणीपुढे त्यांचं काही चालत नाही.

जोडीची परीक्षा: 30 जून 2024

पाऊस लागल्यावरचा रविवार. फ्रिजमधली आणि कपाटातली, दोन्ही मीडियम ड्राय, दोन्ही एकाच दिवशी, एकाच पेटीतून घेतलेल्या. कपाटातलीला आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवून दोन्हींचं तापमान सारखं केलं, नाहीतर तुलना खोटी ठरली असती. पेल्यांखाली पांढरा कागद.

रंग: फ्रिजची फिकट, कडेला हिरवट झाक. कपाटाची गव्हाच्या काडासारखी. वास: फ्रिजच्या पेल्यात लिंबाची साल, हिरवं सफरचंद, पिकायला आलेला पीच. कपाटाच्या पेल्यात आधी रॉकेल, मग मध, आणि फळ शोधावं लागतं. चव: इथे आश्चर्य वाटलं. आम्ल दोन्हींत सारखंच ताठ होतं. उष्णतेने वास नेला, रंग गडद केला, आम्लाला ती हात लावू शकली नाही. त्यामुळे कपाटातली बाटलीही ओतून द्यावी अशी नव्हती. साबुदाण्याच्या खिचडीबरोबर संपली. पण ही वाईन कुठल्या थंड सरोवराकाठची आहे हे सांगणारं तिच्यात फारसं काही उरलं नव्हतं.

फ्रिजच्या बाटलीच्या तळाशी बारीक, चमकणारे खडे होते. पाहुण्यांपैकी एका काकूंनी "काच आहे, पिऊ नका" म्हणून पेला बाजूला ठेवला, आणि त्यांची भीती समजण्यासारखी होती, दिसतं तसंच. हे टार्टरिक आम्लाचे क्षार. बेकिंगमध्ये वापरतात ते क्रीम ऑफ टार्टर म्हणजे हेच. वाईन बरेच दिवस थंड राहिली की ते खाली बसतात. ओळखायचं असं: खडा बोटांत चुरला तर भुकटी होते आणि जिभेला आंबट लागतो, काच चुरत नाही. मात्र बोटाने दाबून बघण्याआधी खडा चमच्यात घेऊन कोमट पाणी घाला. विरघळू लागला तर निर्धास्त व्हा. ओतताना बाटली सावकाश कलंडवा आणि शेवटचा बोटभर भाग सोडा.

उरलेली वाईन झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवली तर तीन-चार दिवस चांगली राहते. आडवी नको, हवेला जास्त पृष्ठभाग मिळतो.

खर्च: बाटल्या 7,550, पाकिटं 1,330, थर्मामीटर 350. कस्टम शून्य. म्हणजे बाटलीमागे साधारण 2,300 रुपये, टेस्टिंगची फी सोडून. आधी हात बसवायचा असेल तर सरोवराकाठची बाटली कशाला, नाशिकची रीसलिंग आणून भाजीच्या कप्प्याचं तापमान, बर्फाची बादली आणि आपल्या घरातलं तिखट यांचा अंदाज घेता येतो.

चौथी बाटली, ड्राय, कप्प्यात कोथिंबिरीच्या शेजारी आडवी आहे. लेबलवर पेन्सिलीने 'गराडू, डिसेंबर' एवढं लिहून ठेवलं आहे.